नरसूची घासाघीस

तांबुळवाडी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात शहाणी माणसं फार होती. भोळा असा एकटाच. त्याचं नाव नरसू.

देवानं नरसूला घडवताना बोटांपासून सुरुवात केली असावी. बोटांत इतकं घातलं की डोक्यापर्यंत येईतो माल संपला. कुठलंही गाणं एकदा कानावर पडलं की नरसू ते व्हायोलिनवर जसंच्या तसं वाजवायचा. आणि कुठलंही वाक्य कानावर पडलं की तेही तो जसंच्या तसंच घ्यायचा. एकदा कुणीतरी त्याला "माझ्या भुईमुगावर नजर ठेव" असं सांगून परगावी गेलं. नरसू बांधावर बसून भुईमुगाकडे बघत राहिला. माणसं आली, भुईमूग उपटून घेऊन गेली. नरसूनं नजर हलवली नाही. तेव्हापासून त्याला कामाला कुणी बोलावत नसे.

रस्त्यानं जाताना पोरं त्याला हसायची. पण व्हायोलिन खांद्याला लागलं की तीच पोरं गप्प बसायची. नरसूला गावात मान होता तो तेवढाच.

गावाचं एक संगीत मंडळ होतं. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब इंगवले. त्यांना गाता येत नसे, वाजवता येत नसे, म्हणून सगळ्यांनी एकमतानं त्यांना अध्यक्ष केलं होतं. भैरोबाची जत्रा जवळ आली होती. कार्यक्रमाची तालीम चालली होती. थंडीचे दिवस, हलगीचं कातडं सैल पडलेलं. हलगी ढब्ब वाजायला लागली तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "वाद्यं गार पडलीत. जरा शेकून घ्या."

हलगीवाल्यानं हलगी जाळावर धरली. हलगी टणटण बोलू लागली. नरसूनंही आपलं व्हायोलिन जाळावर धरलं. आतला सरस वितळला, व्हायोलिनचं पोट पाठीपासून सुटलं आणि तारा एकेक करून तटातट तुटल्या.

"अरे, हे काय केलंस?" बापूसाहेब ओरडले.

"शेकलं. तुम्हीच म्हनला, वाद्यं शेका."

"कातड्याची वाद्यं!"

"कातड्याची असं म्हनला न्हाई."

बापूसाहेब तसं म्हणाले नव्हते, ही गोष्ट खरी होती.

आता बापूसाहेबांना एक मेव्हणा होता. मेव्हण्याकडे विजेवर चालणारी नवीकोरी पेटी होती. त्याला एकच गाणं यायचं, पण ते तो सगळ्या गाण्यांच्या जागी वाजवायचा. नरसूचं व्हायोलिन मोडलं तसा तो पुढे सरकून बसला. तेवढ्यात मंडळातली जुनी माणसं म्हणाली, "नरसू न्हाई तर कार्यक्रम न्हाई." मग सभा भरली आणि नव्या व्हायोलिनसाठी तीन हजार रुपये मंजूर झाले. मंडपाला आणि बापूसाहेबांच्या फोटोच्या बॅनरला त्याच्या कितीतरी पट खर्च झाला होता. पण बॅनर दिसतो. व्हायोलिन नुसतं ऐकू येतं. त्यावर खर्च बेतानंच करायला हवा.

निघताना बापूसाहेबांनी नरसूला जवळ बसवलं. त्यांच्या घरचा सगळा बाजार त्यांची बायको करायची, त्यामुळे बाजारात कसं वागायचं ते त्यांना नीट ठाऊक होतं.

"हे बघ नरसू, दुकानदार सांगेल तो भाव द्यायचा नाही. चांगली घासाघीस करायची. लाजायचं नाही. तो नको नको म्हणेल, तरी सोडायचं नाही."

"किती येळ करायची?"

"भाव उतरेपर्यंत."

नरसूनं मान हलवली आणि तालुक्याच्या गावची एसटी धरली.

वाद्यांचं दुकान होतं गुलाबशेठचं. शेठनी काचेच्या कपाटातून एक व्हायोलिन काढून दिलं. लालसर, चकचकीत. नरसूनं दोन सूर काढून पाहिले. आवाज गोड होता.

"केवढ्याला?"

"पाच हजार."

"मग घासाघीस करावी लागंल," नरसू म्हणाला.

"करा की! गिऱ्हाइकाचा हक्कच आहे तो," शेठ खुशीत म्हणाले आणि गादीवर जरा सावरून बसले.

नरसू व्हायोलिन घेऊन दुकानाच्या मागे गेला. तिथं नळावर शेजारच्या हॉटेलातली बाई कढया घासत होती. नरसूनं तिच्याकडून काथ्या आणि राख मागून घेतली. "जोर लावा म्हंजे निघंल," बाई म्हणाली. नरसूनं जोर लावला. निघालं. सगळी लाली आणि सगळी चकाकी गटारातून वाहून गेली.

एवढा वेळ गिऱ्हाईक मागे काय करतंय ते बघायला शेठ आले.

"अहो, अहो! हे काय चाललंय?"

"घासाघीस."

"थांबा! नको, नको!"

"तुम्ही नको म्हननारच. मला म्हाइती हाय. भाव उतरला का तेवढं सांगा."

"रंग उतरला!"

"रंग न्हवं, भाव."

गुलाबशेठनी काथ्या हिसकावून घेतला, नुकसानीचे म्हणून नरसूच्या खिशातल्या काही नोटा काढून घेतल्या आणि त्याला एसटी स्टँडचा रस्ता दाखवला. घासलेलं व्हायोलिन त्यांनी आतल्या खोलीत टाकून दिलं.

नरसू घरी आला. त्याच्या बायकोचं नाव अनशी. तिनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं, घासाघीस तोंडानं करत्यात!"

"तोंडानं?"

"तोंडानं. दुकानातल्या वस्तूला हातच लावायचा न्हाई. हात आपलं पाठीमागं ठेवायचं आन् तोंड चालवायचं."

"असं व्हय!" नरसू म्हणाला. "आधी सांगायचं न्हाई का!"

दुसऱ्या दिवशी नरसू दोन्ही हात पाठीमागे धरून एसटीत चढला. म्हणजे चढला असं नाही, मागच्या लोकांनी ढकलला. कंडक्टरनं पैसे मागितले तेव्हा नरसूनं खिशाकडे मान वाकवली, दातांनी नोट ओढून काढली आणि पुढे केली. कंडक्टरनं वीस वर्षं नोकरी केली होती. त्यानं नोट घेतली आणि तिकीट नरसूच्या ओठांत खोचलं.

दुकानात पाऊल पडताच गुलाबशेठ उभे राहिले. "तुम्ही परत?"

"आज हात लावनार न्हाई."

"हे फार उत्तम," शेठ म्हणाले. त्यांनी दुसरं एक व्हायोलिन काढून फळीवर ठेवलं. पहिल्यापेक्षा सरस होतं. शेजारी वाजवायचा गज ठेवला. "बघा आवाज."

नरसू वाकला. गज दातांत धरला आणि मान डावी-उजवी हलवत तारांवरून फिरवू लागला. बोटं लावायची नसल्यामुळे चार तारांचे चारच सूर निघत होते. पण त्या चार सुरांत नरसूनं अशी काही लय धरली की चहा प्यायला निघालेली माणसं दुकानाच्या पायरीवरच थांबली. बघता बघता गर्दी झाली. कुणी "वा!" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं नरसूच्या पुढ्यात रुपया ठेवला. नरसूनं गज खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शेठ, लई ग्वाड बोलतंय हो हे! मला हेच पायजे! केवढ्याला?"

हे व्हायोलिन शेठ पाच हजारांनाच देणार होते. पण त्यांनी गर्दी पाहिली, नरसूचे डोळे पाहिले, आणि वस्तूची खरी किंमत त्यांना तेव्हाच कळली.

"सात हजार," ते म्हणाले. मग गजाच्या केसांना लाळ लागली होती, तिचे पैसे त्यांनी वेगळे घेतले.

नरसू रिकाम्या हातानं परत आला, तेव्हा बापूसाहेब त्याच्या ओट्यावरच बसले होते. जत्रा परवावर आली होती आणि मेव्हणा पेटीच्या वायरी जोडून तयार होता.

"आवडलं म्हणून सांगितलंस?" बापूसाहेबांनी विचारलं. "दुकानदाराच्या तोंडावर?"

"आवडलं हुतं की."

"अरे, आवडलं तरी नाक मुरडायचं! दोष काढायचे. असल्या वस्तूला घेतंय कोण, असं म्हणायचं आणि सरळ चालायला लागायचं. मागं वळून बघायचं नाही. तो हाका मारत मागं येतो. येऊ द्यायचा. तो जितका ओरडेल तितका भाव खाली येतो."

अनशी दारात उभी होती. ती म्हणाली, "मी जाते उद्या ह्यांच्या संगं."

"बाजारातल्या गोष्टी बाईमाणसाला काय कळायच्या?" बापूसाहेब म्हणाले.

अनशी दर मंगळवारी त्याच बाजारात बसून भाजी विकायची. ती आत चुलीकडे वळली.

तिसऱ्या खेपेला नरसू दुकानात शिरला आणि आधी त्यानं दोन बोटांत नाक धरून चांगलं मुरडलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मुरडलं. गुलाबशेठनी कालचं सात हजारांचं व्हायोलिन काढलं. हाताबद्दल या खेपेला बापूसाहेब काहीच बोलले नव्हते, म्हणून नरसूनं ते हातात घेतलं.

"ह्यात दोष हाईत," नरसू म्हणाला.

"कसले दोष?"

"दोन भोकं पडल्यात."

"अहो, ती असतातच!"

ती का असतात ते नरसूला शेठपेक्षा चांगलं माहीत होतं. पण दोष काढायचे म्हटल्यावर काढायचे.

"आन् आत कायबी न्हाई. नुसतं पोकळ. पोकळ वस्तूचं सात हजार? तारा तर चारच. असल्या वस्तूला घेतंय कोण?"

असं म्हणून नरसू वळला आणि चालायला लागला. सरळ. व्हायोलिन हातात तसंच.

गुलाबशेठ फळी ओलांडून पायरीवर आले. मग ते ओरडले, "अहो पाव्हणं! अहो, थांबा!"

नरसूला फार बरं वाटलं. सहा हजार झाले असणार.

"अहो, व्हायोलिन! व्हायोलिन!"

पाच. नरसूनं मागं वळून बघितलं नाही.

"धरा! धरा त्याला!"

चार. नरसू मनात म्हणाला, बापूसाहेब म्हणजे माणूस हुशार. उगाच नाही अध्यक्ष. मागून शेठच्या चपला फटाफट वाजत होत्या. भांड्यांच्या दुकानातला माणूस ओरडायला लागला. मग केळीवाला. मग कापडवाल्याकडची सगळी गिऱ्हाइकं. "चोर, चोर" म्हणत अर्धा बाजार नरसूच्या मागे निघाला, आणि नरसू ताठ मानेनं, न घाई करता, बाजाराच्या मधोमध चालत होता. त्याला इतके लोक आजवर कधीच हाका मारत आले नव्हते. भाव तीनच्या खाली गेला, दोनच्या खाली गेला. मारुतीच्या देवळापाशी येईतो ओरडा एवढा वाढला की नरसूला शेठची दया आली. आणखी थोडं पुढं गेलो तर बिचाऱ्याला पदरचे पैसे घालून व्हायोलिन द्यावं लागेल.

तो थांबला. वळला. हसून म्हणाला, "बोला शेठ. केवढ्याला देताय?"

पोलीस चौकीत हवालदार घोरपडे बसले होते. त्यांनी शेठचं ऐकून घेतलं, नरसूचं ऐकून घेतलं आणि नरसूचं पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

"तू वाजवणारा आहेस म्हणतोस. मग वाजवून दाखव," ते शेवटी म्हणाले.

नरसूनं व्हायोलिन खांद्याला लावलं. यावेळी हात होते, दात मोकळे होते. चौकीत तक्रार घेऊन आलेल्या दोन जावा भांडत होत्या, त्या भांडायच्या थांबल्या. हवालदारांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला नाही आणि तोंडालाही लावला नाही. गुलाबशेठचे डोळे ओले झाले. व्यवहार मात्र कोरडाच राहिला.

"हे सात हजारांना सात हजारच," ते डोळे पुसत म्हणाले. "पण ते घासलेलं आहे ना आत पडलेलं, ते घेऊन जा. खिशात असतील तेवढे द्या."

ज्या व्हायोलिनचं नुकसान नरसूकडून भरून घेतलं होतं, तेच त्यांनी नरसूला विकलं. सचोटीनं धंदा करणाऱ्यालाच असं जमतं.

"म्हंजी भाव उतरला?" नरसूनं विचारलं.

"उतरला."

"घासून?"

शेठनी सुस्कारा सोडला. "घासूनच."

नरसूच्या मनात बापूसाहेबांचा मान आणखी वाढला. त्यानं ते व्हायोलिन छातीशी धरलं. सोललेल्या बटाट्यासारखं पांढरंफटक दिसत होतं. पण आवाज पहिल्या दिवशी होता तसाच गोड होता.

निघताना हवालदारांनी त्याला थांबवलं. "हे बघ, चांगला कलावंत आहेस म्हणून सोडतोय. पण एक कायमचं लक्षात ठेव. लोक तुझ्याकडे बघून ओरडायला लागले की चालत राहायचं नाही. जागच्या जागी थांबायचं. हातातली वस्तू खाली टाकायची. दोन्ही हात वर करायचे. कळलं?"

"थांबायचं, खाली टाकायची, हात वर," नरसू म्हणाला. एसटीत बसून तो तेच घोकत घरी आला.

जत्रेच्या दिवशी दिवे लागले आणि देवळासमोरच्या उंच कट्ट्यावर कार्यक्रम सुरू झाला. मागे बापूसाहेबांचा बॅनर होता, बापूसाहेबांपेक्षा मोठा. मेव्हण्यानं आधी आपलं गाणं वाजवून घेतलं. लोकांनी शेंगा खाऊन घेतल्या. मग नरसू उठून कट्ट्याच्या कडेशी आला. त्याच्या हातातलं ते पांढरं व्हायोलिन बघून पोरं फिदीफिदी हसली. बायकांच्या पहिल्याच रांगेत, कट्ट्याला लागून, फरशीवर अनशी बसली होती. तिनं मान खाली घातली.

नरसूनं गज टेकवला आणि पोरांचं हसणं थांबलं.

त्यानं काय वाजवलं ते सांगता येणार नाही, कारण त्याला नाव नव्हतं. त्यात पहाटेचं जातं होतं, आणि दूर रानात कुणीतरी कुणाला तरी घातलेली साद होती. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. अनशीनं मान वर केली. गेल्या तीन दिवसांत या माणसाला आपण काय काय बोललो ते तिला आठवलं आणि तिनं पदरानं डोळे टिपले. नरसूनं शेवटचा सूर लांबवत लांबवत नेला आणि सोडला.

मग सगळी जत्रा एकदम ओरडली.

"वाहवा! वाहवा रे नरसू! वन्स मोअर!"

नरसू दचकला. जागच्या जागी थांबला. हातातलं व्हायोलिन त्यानं कट्ट्यावरून खाली टाकलं आणि दोन्ही हात वर केले.

अनशीनं पदर पसरला. संसारात तिला याची सवय होती. व्हायोलिन अलगद तिच्या पदरात पडलं. एक तार तेवढी झणझणली.

लोक हबकले. बापूसाहेब माईक घेऊन धावले.

"अरे, हात खाली कर! लोक खूश होऊन ओरडतायत! वन्स मोअर म्हणतायत!"

"म्हंजी काय?" नरसूनं हात वरच ठेवून विचारलं.

"म्हणजे आत्ता जे केलंस ते परत एकदा करून दाखव. लोकांना तेच पाहिजे आहे."

"तेच?"

"तेच. जसंच्या तसं. काडीचा फरक करायचा नाही."

"असं व्हय!" नरसू म्हणाला.

एवढ्यावर थांबले तर ते अध्यक्ष कसले? बापूसाहेब माईकवर म्हणाले, "आणि आपल्या पदरात मंडळाची मालमत्ता झेलणाऱ्या या माउलीचा मंडळातर्फे इथंच सत्कार करण्यात येईल. या, वर या."

"मी हितंच बरी हाय," अनशी म्हणाली.

"लाजायचं नाही. या वर."

बायकांनी तिला उठवलं. अनशी कट्ट्यावर आली. व्हायोलिन तिनं नरसूच्या हातात दिलं, बापूसाहेबांनी खण-नारळ तिच्या ओटीत घातला, वर हार घातला, वर फोटो काढला. तिचे दोन्ही हात भरले. कट्ट्याखाली ती बसली होती तिथं आता नुसती फरशी होती.

जत्रा चिडीचूप झाली. सगळे कान देऊन बसले.

नरसू कडेशी येऊन उभा राहिला. त्याला काडीचा फरक करायचा नव्हता. मघाशी उजवा पाय पुढे होता, तसा त्यानं पुढे घेतला. मग आपण शेवटी नेमकं काय काय केलं ते त्यानं नीट आठवलं.

अनशीनं त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "अवं, थांबा—" ती ओरडली.

तिच्या ओरडण्यानं त्याची खात्रीच पटली. त्यानं व्हायोलिन खाली टाकलं आणि दोन्ही हात वर केले.

फरशीवर पोट एकीकडे गेलं, मान एकीकडे गेली, आणि खुंट्या बायकांच्या रांगेतून घरंगळत गेल्या. अनशीच्या ओटीतला नारळ पडून बापूसाहेबांच्या पायावर आपटला.

मागे पाळण्यापाशी उभ्या असलेल्या लोकांना काही दिसलं नव्हतं. नुसता आवाज ऐकू आला होता, आणि तो नरसूचा म्हणजे चांगलाच असणार. तिथून कुणीतरी हौसेनं ओरडलं, "वन्स मोअर!"

नरसू कट्ट्यावरून खाली उतरला आणि भराभरा तुकडे गोळा करायला लागला.